करिंथकरांस पहिलं पत्र: नैवेद्याचा एवढा वाद का झाला?

अंगणातली_जाई
नमस्कार मंडळी. आमच्या बायबल स्टडीत सध्या करिंथकरांस पहिलं पत्र (प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं) चालू आहे आणि येत्या बुधवारी आठवा अध्याय माझ्याकडे आलाय, तोच तो मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याचा. आमच्या घरात यावरून लहानपणापासून वाद ऐकलेत. गणपतीत शेजारच्या काकूंकडून मोदक आले की आई प्रार्थना करून खायची, मावशी हातही लावायची नाही आणि दोघी आधार याच पत्राचा द्यायच्या! मला इतिहास समजून घ्यायचाय. हे करिंथचे लोक होते कोण, खाण्यावरून एवढं पेटलं का, आणि एक पत्र शास्त्र कसं झालं?

खापरतुकडा
आधी मोदक डोळ्यासमोरून काढा, तिथे विषय मटणाचा होता. देवळात पशू बळी द्यायचे, त्यातला काही भाग वेदीवर जळायचा, काही पुजाऱ्याला, काही पंगतीला आणि उरलेलं बऱ्याचदा बाजारात विकायला जायचं, त्यामुळे आपण घेतलेला तुकडा कुठून आलाय ते कळायला मार्ग नाही. शिवाय जेवणावळीही देवळाच्या आवारात होत. करिंथला अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या देवळापाशी खोदकामात जेवणाच्या खोल्या सापडल्यात, भिंतीला लागून बाकं, त्यावर कुशीवर रेलून जेवायचं. अशी आमंत्रणं सारखी नाकारायची म्हणजे नातेवाईक आणि धंद्यातल्या ओळखी दोन्ही तुटणार.

म्हणून पौल प्रसंग वेगवेगळे करतो. देवळातल्या पंगतीला बसू नका. बाजारातलं चौकशी न करता घ्या. कुणी घरी बोलावलं तर पानात वाढलेलं खा, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे तर त्या सांगणाऱ्यासाठी थांबा. हे दहाव्या अध्यायात येतं, तेव्हा आठवा एकटा घेऊ नका, अर्धीच गोष्ट होईल.

नगरची_पोर
लोकांबद्दल मी सांगते, माझा हा फार जिव्हाळ्याचा विषय आहे. जुनं ग्रीक करिंथ रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे नवी वसाहत बसवली, त्यात गुलामगिरीतून सुटलेले लोक बरेच होते. दोन बाजूंना दोन बंदरं, म्हणजे कुठकुठची माणसं येऊन राहिलेली. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे तंबू शिवणारं जोडपं, क्लौद्य या रोमन बादशहाने यहुद्यांना रोममधून घालवलं म्हणून इथे आलं, पौल त्यांच्याकडेच राहून काम करायचा. काळही बराच नक्की सांगता येतो, कारण बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात जो गल्लियो हा रोमन सुभेदार येतो त्याचं नाव ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखात सापडलंय आणि त्यावरून त्याचा कारभार इ.स. ५१-५२ च्या सुमारास धरतात. पत्र त्यानंतर दोनतीन वर्षांनी इफिस शहरातून गेलं.

आणि अकरावा अध्याय वाचाच! एकत्र जेवायला जमायचे कुणाच्या तरी घरात, त्यात ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा ते आधी येऊन जेवून घ्यायचे, एक उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र, असं पौल सरळ लिहितो. रविवारची सुट्टी तेव्हा नव्हतीच, ती रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ साली दिली, म्हणजे गुलाम माणूस मालकाचं काम संपवून येणार तोवर भांडी रिकामी. मला तरी वाटतं नैवेद्याच्या भांडणातही हीच श्रीमंत-गरीब फट आहे, ज्याला मटण रोज परवडतं त्याला त्यात विशेष काही वाटत नाही, ज्याला ते सणालाच देवळापाशी मिळतं त्याच्यासाठी मटण आणि देव वेगळे नसतातच.

खापरतुकडा
हे शेवटचं अगदी पटलं. शास्त्र कसं झालं त्याबद्दल थोडं. पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो की मी क्रिस्प आणि गायस सोडून तुमच्यातल्या कोणाचा बाप्तिस्मा केला नाही, मग लगेच, हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला, आणखी कोणाचा केला असेल तर आठवत नाही. तोंडाने सांगतोय, दुसरा कोणी लिहून घेतोय आणि ते तसंच राहिलंय, शेवटचा सलाम तेवढा स्वतःच्या हाताने. आपण शास्त्र लिहितोय असं तिथे कुठेच जाणवत नाही.

पण करिंथकरांनी ते जपलं. साधारण इ.स. ९६ च्या सुमारास तिथे परत भांडणं झाली तेव्हा रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्यांना लिहिलं की पौलाचं पत्र हातात घ्या आणि वाचा. म्हणजे चाळीस वर्षांनी ते त्यांच्याकडे होतं आणि रोमलाही माहीत होतं. पुढे पत्रं एकत्र नकलून ठेवायला लागले. इजिप्तमधलं सुमारे इ.स. २०० चं पपायरसचं पुस्तक आहे, १०४ पानांपैकी ८६ उरलीत, ५६ डब्लिनला, ३० अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात, आणि हे पत्र त्यात आहे.

अंगणातली_जाई
दोघांचे मनापासून आभार. स्तेफनाचं वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय आणि कधी थांबले नव्हते तिथे. आता बुधवारी आधी अकराव्यातलं जेवण घेते, मग आठवा आणि दहावा. आईला आत्ताच फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणाली मावशीला पण बोलाव.