फ्रेमबफरची ३०७२०० बाइटची फाईल आहे, फोटो कसा बनवू? नुसता राखाडी कचरा दिसतोय

दूधकाटा_पाय
मंडळी, मदत पाहिजे. गावच्या दूध संकलन केंद्रासाठी रास्पबेरी पायवर (हातभर नाही, तळहाताएवढा कॉम्प्युटर) एक छोटं डबडं बनवलंय, साडेतीन इंची एसपीआय स्क्रीन, त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर आणि रक्कम दिसते. आता लोकांसाठी चार पानी माहितीपत्रक छापायचंय म्हणून स्क्रीनचे फोटो हवेत. मोबाईलने काढले तर पट्टे पट्टे येतात आणि काचेत माझंच तोंड दिसतं. कुठंतरी वाचलं की सरळ कॅट कमांड मारून /डेव्ह/एफबी१ (फ्रेमबफर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र जिथं साठतं ती मेमरी) फाईलमधे ओतायचं, ओतलं. नाव बदलून जेपीजी केलं, उघडेना. मग साईज बघितली तर बरोब्बर ३०७२०० बाइट, म्हटलं ६४० गुणिले ४८० म्हणजे ३०७२००, जुळलं की, एका पिक्सेलला एक बाइट! गिंपमधे (फोटो एडिटर) तसं घातलं तर सगळं राखाडी आणि अक्षरं आहेत असं वाटतंय पण वाचता येत नाहीत, दोन-तीन सावल्या एकमेकांत विणल्यासारख्या. स्क्रीन रंगीत आहे हो, दर हिरवा, एरर लाल. चुकतंय कुठं?

खटपट्या
कशाला एवढा खटाटोप, एफबीग्रॅब (फ्रेमबफरचा फोटो काढणारा प्रोग्राम) टाक, डिव्हाइस म्हणून एफबी१ दे, थेट पीएनजी मिळेल.

दूधकाटा_पाय
पाय केंद्रावर बसवलाय दादा आणि तिथं नेट नाही, पेनड्राइव्हवर फाईल घेऊन घरी आलोय. फाईल आहे तर तिचंच काहीतरी करू.

बिटकुरतड्या
जेपीजी नाव दिल्यानं काय होणार, फ्रेमबफरच्या फाईलला डोकंच (हेडर) नसतं. रुंदी, उंची, रंग कसे भरलेत, यातलं काहीच आत लिहिलेलं नाही, नुसते पिक्सेलचे बाइट एकामागून एक. ती माहिती आपण बाहेरून द्यायची.

आणि ६४०×४८० हा निव्वळ योगायोग, भले भले फसतात त्यात. तुझी स्क्रीन ४८०×३२० ची असणार आणि एका पिक्सेलला २ बाइट. ४८० × ३२० × २ किती होतात बघ. म्हणजे लाल ५ बिट, हिरवा ६, निळा ५, ज्याला आरजीबी ५६५ म्हणतात. तुला सावल्या दिसल्या त्याचं कारणही हेच. खरी ओळ ९६० बाइटची आणि तू कापलीस ६४० ला, मग तुझ्या ३ ओळींत खऱ्या २ ओळी बसतात, दर ३ ओळींनी गणित परत जुळतं म्हणून चित्र तिरपं न होता सरळच राहिलं, फक्त तुकडे एकमेकांत घुसले.

अंदाजावर नको राहू, पुढच्या वेळी केंद्रावर गेलास की एफबीसेट (फ्रेमबफरची माहिती दाखवणारी कमांड) चालव, त्यात रंगांची ओळ येते, ५/११, ६/५, ५/० (किती बिट/कितव्या बिटापासून) असं दिसलं तर लाल वरच्या बाजूला आणि निळा तळाला. /सिस/क्लास/ग्राफिक्स/एफबी१ मधे व्हर्च्युअल साईज, बिट्स पर पिक्सेल आणि स्ट्राइड (एका ओळीचे एकूण बाइट) पण मिळतात. तोवर घरी एफएफएमपेगला (व्हिडिओ-चित्रं बदलणारा प्रोग्राम) रॉव्हिडिओ, ४८०×३२० आणि आरजीबी५६५एलई (एलई म्हणजे खालचा बाइट आधी) सांग, फ्रेम एकच, आउटपुट पीएनजी. जेपीजी करू नकोस, बारीक अक्षरांच्या कडेला घाण येते.

दूधकाटा_पाय
अक्षरं आली!!! पण एफएफएमपेगनं नाही, मी आपलं पायथॉनमधे लिहिलं, तेवढंच शिकायला मिळतं. आता रंगांची बोंब. पांढरा-काळा बरोबर, पण हिरवा दर गुलाबी-लाल झालाय आणि लाल एरर निळा. लाल-निळा उलटे करून बघितले तरी हिरवा काही हिरवा होईना.

बिटकुरतड्या
हिरव्यावरूनच कळतं. नुसते लाल-निळा अदलाबदल झाले असते तर हिरवा मधे आहे, त्याला धक्का लागला नसता. हिरवा बिघडला म्हणजे दोन बाइटच उलटे वाचतोयस. शुद्ध हिरवा हेक्समधे (सोळाच्या पायात) ०७ई०, मेमरीत आधी ई० आणि मग ०७ पडतो, तू ई००७ वाचलंस की वरचे पाच बिट लालचे, झाला गुलाबी. पांढरा आणि काळा कसाही वाचला तरी तोच राहतो म्हणून ते शाबूत. पायथॉनच्या स्ट्रक्टमधे (बाइटांचे आकडे करतं ते), बाइटांचा क्रम सांगताना '>' टाकलं असशील, तिथं '<' कर.

कोकणी_कर्नल
विषय निघालाय म्हणून माझं सांगतो, माझ्या जुन्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६×७६८, ३२ बिट, तिथं चित्र अख्खं तिरपं, पानशेतच्या घाटात गाडी वळल्यासारखं. कारण ओळ १३६६×४ = ५४६४ बाइटला संपत नव्हती, स्ट्राइड होता ५५०४, मागे ४० बाइट नुसती भर. रुंदी १३७६ धरली आणि नंतर उजवीकडचे १० पिक्सेल कापले, काम झालं. दुसरी गंमत, बीजीआरए (निळा, हिरवा, लाल, पारदर्शकता) म्हणून वाचलं तर पीएनजी पूर्ण पारदर्शक आली, कारण चौथा बाइट सगळीकडे शून्य. बीजीआर० (चौथा बाइट सोडून द्या) सांगितलं मग दिसलं, अर्धा दिवस गेला यात.

दूधकाटा_पाय
'>' च होतं 😅 हिरवा हिरवा झाला. एकच, पांढरा जरा मळका का वाटतोय? कलर पिकर २४८, २५२, २४८ सांगतोय.

बिटकुरतड्या
पाच बिटांना ८ ने गुणलंस ना, ३१ × ८ = २४८, २५५ होतच नाही. डावीकडे ३ सरकव आणि त्याच आकड्याचे वरचे ३ बिट खाली चिकटव, म्हणजे उजवीकडे २ सरकवून ऑर (दोन्हीचे बिट एकत्र). हिरव्याला डावीकडे २, उजवीकडे ४. आणि छापायला मोठं करशील तेव्हा बरोबर तिप्पट कर, १४४०×९६०, निअरेस्ट नेबरने (प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा मोठा). नाहीतर अक्षरं फुगल्यासारखी दिसतील.

दूधकाटा_पाय
झालं एकदाचं, पांढरा पांढराशुभ्र. पण केंद्राच्या सचिवांना प्रिंट दाखवली तर ते पहिल्या नजरेत म्हणाले, "८.५ लिटर, दर ३४, आणि रक्कम २३८? कुणाचं मापात पाप आहे हे?" २८९ पाहिजे ना. प्रोग्राम आकडे बदलत असतानाच मी कॅट मारलं वाटतं, लिटर नवीन गवळ्याचं आणि रक्कम आधीच्याच्या ७ लिटरची.

खटपट्या
😂😂 उद्या पहाटेच्या पाळीला जा, रीडिंग स्थिर झालं की मगच काढ. आणि एफबीग्रॅब पेनड्राइव्हवर घेऊन जा.