गृहभेटींचा उपयोग झाला हे ठरवायचं कशावरून?

वाटसरू७
गरिबी, फार कमी वय, एकटेपणा किंवा घरातली मारहाण यांमुळे बाळाची आबाळ होण्याची भीती असलेल्या नव्या आईबापांकडे नर्स किंवा कार्यकर्तीने बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत नियमित जायचं, असे कार्यक्रम बऱ्याच देशांत चालतात. मी त्यांचे अहवाल तपासतो. त्यांत भेटी किती झाल्या, किती आया समाधानी आहेत आणि वर्षभरात किती सुधारणा झाली, एवढंच असतं. अहो, बाळ वर्षाचं होईपर्यंत आईचा हात बसलेला असतो, रात्रीची झोपही थोडीफार मिळू लागते. कोणी घरी गेलं नसतं तरी यातली बरीच सुधारणा झालीच असती.

चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एकाकडे भेटी, दुसऱ्याला नेहमीची आरोग्यसेवा. त्याशिवाय सरकारी पैसा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतला नर्सभेटींचा गाजलेला कार्यक्रम इंग्लंडने आणला आणि १६४५ किशोरवयीन गर्भवतींवर तपासला. निकाल २०१६ मध्ये छापून आला. धूम्रपान, बाळाचं जन्मवजन, दोन वर्षांत पुन्हा दिवस जाणं, बाळाला तातडीने दवाखान्यात न्यावं लागणं, या चारही मुख्य बाबतींत फरक दिसला नाही.

उंबरठा
असहमत. मी सहा वर्षं या व्हिजिट्स करतेय.

एक सतरा वर्षांची आई. पहिले चार वेळा दार फटीएवढंच उघडलं, "सगळं ठीक आहे" म्हणाली. पाचव्यांदा आत घेतलं. तिला बाटली भरताना पाहिलं, तर दुधाच्या पावडरीचा डबा महिनाभर पुरवायचा म्हणून ती दुप्पट पाणी घालत होती. एवढ्या पातळ दुधाने बाळाला झटके येऊ शकतात. आधी का नाही सांगितलंस, विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही बाळ घेऊन जाल." त्या दिवशी फॉर्मवर मी काय लिहिलं? भेट क्रमांक ५, वेळ ४० मिनिटं. टळलेल्या झटक्याला रकानाच नाही.

दुसरं असं की, मी घरात जाते म्हणून मला वळ दिसतात आणि मला तक्रार करावी लागते. ज्या घरात कोणी जात नाही तिथले वळ कोणाला दिसणार? म्हणजे मी जितकं नीट काम करीन तितक्या माझ्या गटातल्या तक्रारी वाढणार, आणि तुमच्या तक्त्यात मी नापास.

काजवा
ताईंच्या दुसऱ्या मुद्द्याला +१. पण त्याच अमेरिकी कार्यक्रमाची न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावातली चाचणी बघा. १९७८ पासून ४०० गर्भवती घेतल्या, त्याही चिठ्ठ्या टाकूनच. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा, गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत नर्स जात होती त्या गटात छळ-हेळसांडीच्या सिद्ध झालेल्या तक्रारी जवळजवळ निम्म्या होत्या. म्हणून दोन वर्षांत निकाल लावून मोकळं होणं मला पटत नाही. त्याच चाचणीत आणखी एक दिसलं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं: ज्या घरांत बाईला फार मारहाण होत होती तिथे भेटींचा हा फायदा उरलाच नाही. नुसती सरासरी काढली असती तर ती घरं त्यात बुडून गेली असती.

वाटसरू७
तक्रारींचं मान्य, मोजपट्टी चुकीची असू शकते. मग ती बदला. कोणतं घर कोणत्या गटातलं हे माहीत नसलेल्या माणसाकडून आई-बाळाच्या खेळाचं चित्रण तपासून घ्या. इंग्लंडच्या त्याच मुलांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा, शाळेत जायच्या वयात भेटी मिळालेल्या गटाची वाढ थोडी सरस निघाली. हे मी वरच सांगायला हवं होतं. आबाळीत मात्र तेव्हाही फरक नव्हता. हे दोन्ही कळलं ते दुसरा गट होता म्हणूनच.

उंबरठा
आणि ज्या मुलीच्या चिठ्ठीत "भेट नाही" येईल तिच्या तोंडावर हे सांगायचं कोणी? तुम्ही की मी?

वाटसरू७
सगळ्यांना पुरतील एवढ्या नर्स आजही नाहीत. कोणाला तरी "नाही" म्हणावंच लागतं, फक्त ते कुठे लिहिलं जात नाही. ज्याची ओळख त्याला भेट, यापेक्षा चिठ्ठी मला न्यायाची वाटते. पण सांगणं तुमच्यावर ढकलू नये, ते ठरवणाऱ्यांनी स्वतः जाऊन सांगावं.

उंबरठा
ठीक. मग तिसऱ्या भेटीनंतर ज्यांनी दार उघडलंच नाही त्यांचं काय? आमच्याकडे "कार्यक्रम पूर्ण केलेल्या" आयांचेच आकडे वर जातात. सगळ्यात जास्त गरज ज्यांना होती त्या बहुतेक मध्येच सुटलेल्या असतात.

वाटसरू७
चिठ्ठीत ज्या गटात नाव आलं त्याच गटात शेवटपर्यंत धरायचं, भेट एक होवो की पन्नास. यात तडजोड नाही.

उंबरठा
माझ्या वहीत अशी अकरा घरं आहेत. त्यांना धरून हिशेब करणार असाल तर चिठ्ठ्यांना माझा विरोध नाही.