मेट्रो ३चा वाढलेला खर्च आणि बसगाड्या

मुंबईच्या भुयारी मेट्रो ३चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटी रुपयांवर गेला, तेव्हा हा पैसा बसगाड्यांवरच लावायला हवा होता, हे काहींचे म्हणणे मला अर्धेच पटते. या ३३.५ किलोमीटरच्या मार्गासाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेचे दीर्घ मुदतीचे कर्ज घेतले आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरायच्या बोगद्याचा भार पुढच्यांनीही थोडा उचलावा, यात गैर काही नाही. अडचण अशी की बोगद्याला कर्ज मिळते, बससेवेची रोजची तूट मात्र चालू अंदाजपत्रकातूनच भरावी लागते. मेट्रोच्या मरोळ नाका स्थानकातून सरकत्या जिन्याने वर येऊन, बस नाही म्हणून पुढच्या दीड किलोमीटरसाठी रिक्षा शोधत उभा राहिलेला प्रवासी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुचाकीच काढतो, आणि मेट्रोच्या कार्बनबचतीच्या हिशेबात (तो आधीच मांडून झालेला असतो) त्याची वजाबाकी कोणी करत नाही.