भूल देताना निष्काळजीपणा, केस कुठे करायची? तातडीने मदत हवी

ओलीवाट
आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, दुर्बिणीतून, तासाभराचं. आत जाताना म्हणाली, घरी फोन करून दूध तापवायला सांग. बाहेर आली ती व्हेंटिलेटरवर. सतरा दिवस आयसीयू. आता घरी आहे, पण मला ओळखत नाही, घास भरवावा लागतो. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, एवढंच सांगितलं. सर्जन म्हणतात भूलतज्ज्ञांना विचारा, ते बाहेरून आलेले, फोन उचलत नाहीत. केस कुठे टाकायची, वकील किती घेतो? लवकर सांगा. नशिबाच्या गोष्टी नकोत, त्या ऐकून झाल्यात.

करवंद
ऑपरेशन कधी झालं? दवाखाना खाजगी की सरकारी? बिल कोणी भरलं? हातात कागद काय आहेत?

तळ्याकाठी
कागद बघत बसू नका, थेट एफआयआर करा. आमच्या काकांच्या वेळी पोलिसात गेलो तेव्हाच दवाखाना बोलायला लागला.

करवंद
@तळ्याकाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालापासून (२००५) डॉक्टरवर फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो. त्याआधी पोलीस दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरांचं मत घेतात. आणि त्यातून आईच्या औषधपाण्याचा खर्च निघत नाही.

गुलमोहर७
मी भूलतज्ज्ञ आहे. वाचून फार वाईट वाटलं. परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही, औषधाची तीव्र ॲलर्जीही येऊ शकते. पण ते भुलेच्या चार्टवरूनच ठरेल. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांच्या नोंदी वेळेसकट असतात. कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र, लावला होता का ते बघा. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली तर त्यावर लगेच कळतं. आदल्या तपासणीचा कागद आणि संमतीपत्रही मागा.

तळ्याकाठी
डॉक्टर डॉक्टरलाच सांभाळणार.

गुलमोहर७
चार्ट मागा म्हणतेय मी. यात कोणाला सांभाळलं?

अबोली_घर
मला सिझेरियनला पाठीत इंजेक्शन दिलं होतं, तेव्हापासून कंबर धरते. बारा वर्षं झाली. मला काही करता येईल का?

जुनापुराणा
भुलेवरून आठवलं. जोशी विरुद्ध गोडबोले खटला आपल्याकडचाच. १९५३ साली पालशेतच्या किनाऱ्यावर अपघातात एका मुलाची मांडी मोडली, त्याला पुण्याला आणलं. भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, जोर लावून पाय ओढला. मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर, तरी ते १९६८ पर्यंत लढले आणि सर्वोच्च न्यायालयात जिंकले. भरपाई तीन हजार रुपये!

करवंद
धागाकर्ते, तारीख सांगा. सगळं त्यावर अडलंय.

ओलीवाट
खाजगी. येत्या १४ तारखेला दोन वर्षं होतील. बिल सव्वाचार लाख, निम्मं विम्याने दिलं. माझ्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आहे. पहिलं वर्ष फिजिओथेरपीत गेलं हो, आई बरी होईल असंच वाटत होतं.

करवंद
दादा, हे आधी सांगायला हवं होतं. ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची. उशीर माफ होतो, पण सबळ कारण पटवावं लागतं, त्यावर विसंबू नका. १४ च्या आत जिल्हा आयोगात तक्रार दाखल करा. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. विम्याने पैसे दिले तरी तुम्ही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाच्या शांता निकालात (१९९५) ठरलंय. सर्जन, भूलतज्ज्ञ, दवाखाना, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. डॉक्टर बाहेरून आलेला म्हणून दवाखान्याला हात झटकता येत नाहीत (सविता गर्ग निकाल, २००४). मेडिकल कौन्सिलकडे नंतर जा, ते भरपाई देत नाही. आईच्या वतीने सही कोण करणार, हे वकिलाला पहिलं विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही.

गुलमोहर७
आणि कागद आजच मागा. लेखी मागितल्यावर ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात, म्हणजे अजून असायला हव्यात.

ओलीवाट
अर्ज लिहायला बसलोय. कोणाच्या नावाने, सर्जनच्या की दवाखान्याच्या?

करवंद
दवाखान्याच्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. देत नसतील तर वाद घालू नका, तिथूनच पोस्टात जा आणि स्पीड पोस्ट करा, पावती जपा.