विषय: ट्रेलरची बॅटरी बसली! शुक्रवारी निघायचंय, तातडीने उत्तर द्या

प्रेषक: बंडू, ईडन प्रेरी

मंडळी,
आत्ता लॉटवरून आलो, आपल्या मंडळाचा कॅम्पिंगचा ट्रेलर ठेवतो तिथून. ट्रेलर ठार मेलाय. आत दिवा नाही, पंखा नाही, पुढचा जॅक बटण दाबलं तरी हूं की चूं करत नाही. मीटर लावला तर बॅटरी ३.९ व्होल्ट! जॅक वर गेला नाही तर ट्रेलर ट्रकला लागणार नाही, मग इटास्का पार्कला काय पाठीवर टाकून नेऊ? मेमोरियल डेच्या सुट्टीच्या कॅम्पिंगच्या साइटी आहेत, आज सोडल्या तर परत मिळणार नाहीत.

ट्रकवरून जम्पर लावून पाहिला. एक दिवा मिणमिणला, चाकांकडून काहीतरी गुणगुण ऐकू आली (डास असतील, आत्ताच सुरू झालेत), ट्रकची केबल काढली की परत अंधार. लॉटवर वीज नाही हे माहीतच आहे सगळ्यांना.

शेवटी कोणी नेला होता? मेन स्विच चालू राहिला होता का? भांडायला विचारत नाहीये.
बंडू

---

प्रेषक: अण्णा, वुडबरी
विषय: उत्तर: ट्रेलरची बॅटरी बसली!

शेवटी मी नेला होता, कोजागिरीला, आणि हे तुला माहीत आहे. स्विच बंद होता. तो मी बंद करतो आणि कुलूप लावायच्या आधी आतला दिवा लागत नाही ना ते बघतो.

बॅटरी हिवाळाभर माझ्या गॅरेजमध्ये चार्जरवर होती. एप्रिलअखेर मी स्वतः नेऊन बसवली, तेव्हा १२.७ व्होल्ट होते, वहीत लिहिलेलं आहे. डिस्टिल्ड वॉटरही घातलं होतं. लिस्टवर जाहीर विचारायच्या आधी फोन केला असतास तर बरं झालं असतं.

जॅकसाठी एवढं रडायला नको. त्याच्या डोक्यावर रबरी बूच आहे, ते काढलं की हँडल बसतं आणि हाताने फिरवता येतो. हँडल पुढच्या पेटीत असतं. गणपतीत मंडपाच्या खुंट्या ठोकायला कोणी तरी नेलं होतं, ते परत आलं असेल तर.

बॅटरी काढलीस तर परत बसवताना काळी वायर प्लसला आणि पांढरी मायनसला. ट्रकमध्ये काळी मायनस असते म्हणून इथेही तसंच करू नकोस. उलटी लागली तर कन्व्हर्टरजवळचे (घरच्या विजेवरून बॅटरी चार्ज करतो तो डबा) दोन मोठे फ्यूज उडतात. मागच्या वेळचं आठवत असेलच, नाव घेत नाही.
अण्णा

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: ट्रेलरची बॅटरी बसली!

नवीन बॅटरी घ्यायचा विचार असेल तर आधी मला विचारा. ही मागच्याच उन्हाळ्यात घेतली आहे, पावती माझ्या फाइलमध्ये आहे. परस्पर घेऊन नंतर "मंडळाच्या खात्यातून द्या" असं या वर्षी चालणार नाही, हे सर्वसाधारण सभेत ठरलेलं आहे.

हँडल माझ्याकडे नाही.

---

प्रेषक: बापू, मेपल ग्रोव्ह
विषय: लिथियम!!

पुन्हा तेच. मी दरवर्षी सांगतो, लिथियम घ्या, आणि दरवर्षी मला खर्च दाखवला जातो. लेडची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे १०० चे पैसे देऊन आपण ५० वापरतो. लिथियम जवळजवळ सगळी वापरता येते, वजनाला निम्मी, पाणी घालायला नको, वही नको.

आत्तापुरतं बोलायचं तर हँडलने जॅक फिरवा आणि ट्रेलर माझ्या ड्राइव्हवेत आणा. गॅरेजमध्ये ड्रायरचा जुना ३० ॲम्पियरचा प्लग आहे आणि ट्रेलरची वायरही ३० ॲम्पियरचीच आहे. एक ॲडॉप्टर आणला की रातोरात चार्ज.
बापू

---

प्रेषक: चिंगी, सेंट पॉल
विषय: उत्तर: लिथियम!!

बापूकाका, ड्रायरचा प्लग नको! प्लीज!

ड्रायरचा ३० ॲम्पियर २४० व्होल्टचा असतो. ट्रेलरचा ३० ॲम्पियर १२० व्होल्टचा, त्याचा प्लग दिसायला जवळपास तसाच असला तरी वेगळा असतो. आकडा एकच दिसतो म्हणून चांगले लायसन्सवाले इलेक्ट्रिशियनही घराबाहेर ट्रेलरसाठी २४० चं आउटलेट बसवून जातात. मग पहिल्यांदा प्लग लावला की कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, फ्रिजचा बोर्ड, जे जे जोडलेलं असेल ते जातं.

घराच्या साध्या १५ ॲम्पियरच्या आउटलेटवर छोटा ॲडॉप्टर लावून बॅटरी आरामात चार्ज होते. फक्त एसी आणि मायक्रोवेव्ह लावू नका.

---

प्रेषक: बापू, मेपल ग्रोव्ह
विषय: उत्तर: उत्तर: लिथियम!!

बरं बाई. पण लिथियमबद्दल कोणीच काही बोललं नाही.

---

प्रेषक: माई, प्लिमथ
विषय: फ्रिज??

मला एवढंच सांगा, फ्रिज चालणार आहे का? थालीपिठाची भाजणी ठीक आहे, पण दोन किलो श्रीखंड आणि मुलांचं दूध आहे. फ्रिज गॅसवर चालतो असं अण्णा मागे म्हणाले होते, मग बॅटरीचा संबंध काय? सिलिंडर भरलेला आहे ना?
माई

---

प्रेषक: मास्तर, रॉचेस्टर
विषय: उत्तर: फ्रिज??

माई, फ्रिज गॅसवर थंड होतो, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडायला आणि ज्योत पेटवायला त्याच्या बोर्डाला १२ व्होल्ट लागतात. हीटरचंही तेच, पंखा बॅटरीवर फिरतो. सिलिंडर भरलेला असूनही बॅटरी नसेल तर दोन्ही बंद. म्हणून श्रीखंड तूर्त घरीच.

बापू, लिथियमला माझा विरोध नाही, पण शून्य सेल्सियसखाली तिला चार्ज करता येत नाही, आतलं सर्किट चार्जिंग तोडतं. आपल्याकडे ऑक्टोबरात रात्री काय तापमान असतं ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय आत्ताचा रोग गळतीचा आहे. भोक बुजवलं नाही तर लिथियमही उतरेल, फरक एवढाच की महाग बॅटरी उतरेल.

आता मूळ मुद्दा. अण्णांचा स्विच बंद होता हे मी धरून चालतो. गॅस गळतीचा डिटेक्टर बऱ्याच ट्रेलरमध्ये त्या स्विचच्या आधीच जोडलेला असतो, म्हणजे स्विच बंद केला तरी तो पीतच राहतो. साधारण ०.०८ ॲम्पियर धरा, दिवसाला दोनेक ॲम्पियर-अवर. एप्रिलअखेरपासून आजपर्यंत ५०-६० झाले. १०० ची बॅटरी त्याने अर्ध्यावर येईल, १२ व्होल्टच्या आसपास दिसेल. ३.९ दिसणार नाही. म्हणजे दुसरं कोणी तरी घटाघटा प्यायलंय.

बंडू, ती गुणगुण नक्की कुठून येत होती? चारही चाकांतून, एका सुरात, आणि फक्त जम्पर लावलेला असताना? तसं असेल तर ते डास नव्हेत. ते ब्रेकचे मॅग्नेट आहेत. पुढे हिचजवळ, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडतो तिथे, काळी डबी असते, तिच्यात पिन आणि पिनेला बारीक वायररोप. ट्रेलर रस्त्यात ट्रकपासून सुटला तर रोप ताणून पिन बाहेर येते आणि ट्रेलरचे ब्रेक स्वतःच्या बॅटरीवर लागतात. ही डबी मुद्दामच मेन स्विचच्या आधी जोडतात. एकेका चाकाला सुमारे तीन ॲम्पियर, चार चाकांचे बारा. एका रात्रीत बॅटरी साफ.

पिन जागेवर आहे का बघ.

---

प्रेषक: अण्णा, वुडबरी
विषय: उत्तर: उत्तर: फ्रिज??

पिन जागेवर होती. मी ट्रेलर सोडताना रोप आधी काढून जॅकला गुंडाळून ठेवतो.

मास्तरांनी माझ्या स्विचवर विश्वास ठेवला याबद्दल आभारी आहे.

---

प्रेषक: बंडू, ईडन प्रेरी
विषय: पिन!!!

मास्तर, साष्टांग नमस्कार. पिन बाहेर होती, रोपला लोंबत होती, आणि रोपचा फास उसवलेला. अण्णांचा काही संबंध नाही. लॉटवाल्याला विचारलं तर म्हणाला, या महिन्यात खडी टाकायची होती म्हणून सगळे ट्रेलर ट्रॅक्टरने पलीकडे सरकवले आणि परत आणले. रोप त्याच्या हिचमध्ये अडकला असणार आणि ट्रॅक्टर पुढे गेल्यावर पिन उपसली गेली असणार. त्याला पिन म्हणजे काय हेही माहीत नव्हतं.

पिन दाबून बसवली, जम्पर लावला, गुणगुण बंद. हँडल खरोखरच पुढच्या पेटीत होतं, मंडपाच्या दोरीत गुंडाळलेलं.

आता अडचण अशी की बॅटरी घरी आणली, पण चार्जर तिला ओळखतच नाही. लाल दिवा आणि बंद.

---

प्रेषक: चिंगी, सेंट पॉल
विषय: उत्तर: पिन!!!

बंडूदादा, स्मार्ट चार्जरला आधी थोडे व्होल्ट दिसावे लागतात, नाही तर त्याला वाटतं बॅटरी जोडलेलीच नाही. एक चांगली १२ व्होल्टची बॅटरी हिच्या शेजारी ठेवा, प्लसला प्लस, मायनसला मायनस जम्पर केबल, आणि मग चार्जर लावा. या बॅटरीने थोडा चार्ज धरला की चांगली काढून घ्या.

त्याआधी डबा फुगलाय का, चिरलाय का बघा. उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ नुसतं पाणीच उरतं, ते उणे सात-आठ सेल्सियसला गोठतं. मेमध्ये एवढी थंडी पडली नसेल, पण फुगलेली असेल तर तिला हात लावू नका. आणि गॅरेजचं दार उघडं ठेवा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. सिगारेट तर नकोच, काकांना सांगा.

---

प्रेषक: बापू, मेपल ग्रोव्ह
विषय: उत्तर: उत्तर: पिन!!!

मी सिगारेट सोडली आहे. कोणत्या काकांबद्दल चाललंय?

---

प्रेषक: मास्तर, रॉचेस्टर
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पिन!!!

चिंगी बरोबर सांगते आहे. एक भर. चार्जरवरून काढल्या काढल्या व्होल्ट बघून नाचू नका, ते वरवरचे असतात. काही तास तशीच ठेवा, मग मोजा. १२.६ च्या पुढे राहिली तर वाचली. आणि हायड्रोमीटर (बॅटरीच्या पाण्याची घनता मोजायची नळी) लावा, एकेक झाकण काढून. कराडला असताना लोडशेडिंगच्या दिवसांत घराघरांतले इन्व्हर्टर आम्ही असेच तपासायचो, मीटर खोटं बोलायचा पण तरंगणारी काडी नाही.

---

प्रेषक: अण्णा, वुडबरी
विषय: हायड्रोमीटर

हायड्रोमीटर माझ्याकडे आहे. बंडूने बॅटरी माझ्याकडे आणली होती, मोजमाप मी केलं आहे. रात्रभर चार्ज केली, दुपारपर्यंत ठेवली, १२.१ व्होल्ट. पाच सेलमध्ये १.२४ च्या आसपास, प्लसकडून तिसऱ्यात १.१५, आणि त्या सेलचं पाणी गढूळ तपकिरी. पूर्ण चार्ज सेलला १.२६५ हवं. तो सेल गेला. ही बॅटरी आता परत चार्ज करून उपयोग नाही, नवीनच आणावी लागेल. तीच साइज, ग्रुप २७, डीप सायकल, म्हणजे खोलवर उतरवून परत चार्ज करता येणारी. कारची स्टार्टिंग बॅटरी स्वस्त मिळते म्हणून कोणी आणू नका.

नवीन बसवायला मी येतो. दुसऱ्या कोणी बसवू नये.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: हायड्रोमीटर

वॉरंटीसाठी दुकानात फोन केला. मोफत बदलून देण्याची मुदत संपली आहे, पण उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने काही सूट मिळेल. जुनी बॅटरी आणि मूळ पावती दोन्ही घेऊन जावं लागेल. जुनी परत दिली नाही तर वर कोअर चार्ज (जुन्या बॅटरीपोटी घेतात ते पैसे) लागतो, तो मंडळ देणार नाही. खर्चाला मंजुरी दिली आहे, फक्त या बॅटरीपुरती. बापू, लिथियम पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायचं असेल तर रीतसर लिहून पाठवा.

लॉटवाल्याला भरपाईचं पत्र कोण लिहिणार? करारात आपली परवानगी न घेता ट्रेलर हलवायचा नाही असं आहे की नाही, ते सचिवांनी बघावं.

---

प्रेषक: बंडू, ईडन प्रेरी
विषय: उत्तर: उत्तर: हायड्रोमीटर

गुरुवारी संध्याकाळी सहाला अण्णा आणि मी लॉटवर. रोप नवीन घेतो, तो माझ्या खर्चाने, मंजुरी नको. पिनेला लाल फडकं बांधून ठेवतो आणि लॉटवाल्याच्या ऑफिसात मोठ्या अक्षरांत कागद चिकटवतो.

माई, श्रीखंड आणा. ट्रेलर रात्री माझ्या ड्राइव्हवेत साध्या प्लगवर लावतो, फ्रिज विजेवर सकाळपर्यंत थंड होईल. निघताना गॅसवर टाकू.

---

प्रेषक: माई, प्लिमथ
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: हायड्रोमीटर

चालेल. पण चालत्या गाडीत गॅस पेटता ठेवायचा नाही, आमचे हे ऐकणार नाहीत. वाटेत बंदच ठेवा, श्रीखंडाला चार तास काही होत नाही, मी बर्फाच्या पिशव्या घालते. बंडू, तुझ्याकडे माझा मोठा कुकर आहे, तोही ट्रेलरमध्ये टाक.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: जुनी बॅटरी

जुनी बॅटरी आत्ता कोणाकडे आहे, बंडूकडे की अण्णांकडे? दुकान आठला बंद होतं.