डोळ्याच्या पडद्याचं बॅराज लेझर झालंय, गिरणीतले डबे कधीपासून उचलू?

गिरणीवाली, इस्लामपूर

नमस्कार. वय ४४, नंबर उणे ९. मुलीचे डोळे तपासायला सांगलीला गेले होते, तिथे डॉक्टरांनी थेंब टाकून माझेही पाहिले. उजव्या डोळ्यात आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) कडेला विरळ जागा आणि त्यात दोन छिद्रं निघाली. पडदा जागेवर होता, पण पुढे सरकू नये म्हणून गेल्या गुरुवारी बॅराज लेझर केलं. हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यावर भिंग धरलं, पंधरा मिनिटांत झालं. दोन-तीनदा आत खोल कळ आली. बाहेर आले तर सगळं गुलाबी दिसत होतं. दुसऱ्या दिवशी नजर पूर्वीसारखी.

आमची पिठाची गिरणी आहे. दिवसाला तीस-चाळीस डबे उचलून वर ओतायचे असतात. डॉक्टरांनी दोन आठवडे वजन उचलू नका म्हणून सांगितलंय. मालकांची कंबर धरलेली, ते एकटे रेटतायत आणि मी धडधाकट बसून आहे. डोळा लाल नाही, दुखत नाही. खरंच एवढं थांबायला लागतं का? सासूबाई म्हणतात, डोक्यावरून पाणी घेऊ नको, अंधारात पडून राहा.

डोळ्यापुढे तरंगणारे काळे ठिपके होते तसेच आहेत. मग लेझरनं झालं काय?

माझ्या वडिलांचा डावा डोळा पडदा सरकूनच गेला. एका बाजूनं सावली येत होती आणि ते चष्म्याची काच पुसत राहिले. ऊस तुटायला आलेला, दहा दिवस तसेच गेले. त्यामुळे मी दिवसातून वीसदा एक डोळा झाकून बघते. काल रात्री कूस बदलताना उजव्या डोळ्यात कडेला वीज चमकल्यासारखं झालं. तेव्हापासून झोप नाही.

एसटी कंडक्टर, बार्शी

ताई, माझं २०२१ मध्ये दोन्ही डोळ्यांचं झालं. आठव्या दिवशी मलाही असंच वाटलं होतं, की दुखत नाही म्हणजे बरं झालं. पण आपल्याला न दुखणं आणि आत चिकटून घट्ट होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मी दोन आठवडे ड्युटी घेतली नाही. पाण्याची घागरसुद्धा बायकोने उचलू दिली नाही. ठिपके अजून आहेत. उन्हात, पांढऱ्या भिंतीवर जास्त दिसतात.

ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारे), पुणे

ताई, आधी त्या चमकेचं. ती नवी असेल तर इथल्या उत्तरांची वाट बघू नका, सकाळीच डॉक्टरांना फोन करा आणि आजच दाखवा. बहुतेक वेळा डोळ्यातला जेलीसारखा भाग पडद्याला ओढतो तेव्हा असं चमकतं, आणि तपासल्यावर काही निघतही नाही. पण थेंब टाकून पाहिल्याशिवाय ते कुणीच सांगू शकत नाही.

लेझर छिद्र बुजवत नाही. छिद्राभोवती दोन-तीन रांगांत बारीक भाजल्याचे डाग देतात. ते भरून येताना पडदा मागच्या थराला चिकटतो. शेताला बांध घालतात तसं. छिद्रातून पाणी आत शिरलं तरी बांधाच्या पुढे जाऊ नये एवढाच हेतू. चिकटायला आठवडाभरात सुरुवात होते, पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तुमचे दोन आठवडे त्याचेच. ठिपके पडद्यावर नसतात, त्या जेलीत असतात, म्हणून लेझरनं जात नाहीत. नंबरही बदलत नाही.

अंघोळ डोक्यावरून करा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्यावर जखम असते म्हणून तिथे पाणी वर्ज्य, इथे कापलेलं काहीच नाही. अंधाराची गरज नाही. स्वयंपाक, टीव्ही, मोबाइल चालेल. पीठ डोळ्यात गेलं तर चोळू नका.

वीसदा बघू नका, सकाळी एकदा पुरे. एक डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरकडे बघायचं आणि चारही कडा दिसतात का पाहायचं. मग दुसरा. दोन्ही उघडे असले की एका डोळ्यातली सावली दुसरा झाकून टाकतो. तुमच्या वडिलांचं तसंच झालं असणार. अचानक ठिपक्यांचा पाऊस, सारख्या चमका किंवा कडेनं पडदा पडल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी निघा.

रत्नागिरीची काकू

मुली, माझा अनुभव थोडा कडू आहे, पण सांगते. लेझरनंतर वर्षाने त्याच डोळ्यात, दुसऱ्याच जागी, नवं छिद्र पडलं. नाकाच्या बाजूनं राखाडी सावली आली. आम्ही त्याच रात्री गाडी केली, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आज त्या डोळ्याने सुईत दोरा ओवते. लेझर झालं म्हणून तपासणी चुकवू नकोस, आणि मुलीचाही नंबर मोठा असेल तर तिचाही पडदा थेंब टाकून बघून घे.

गिरणीवाली, इस्लामपूर

सर्वांचे मनापासून आभार. सकाळच्या एसटीनं सांगलीला जाऊन आले. नवं छिद्र नाही. लेझरचे पांढरे डाग आता काळपट होऊ लागलेत, म्हणजे धरतंय, असं डॉक्टर म्हणाले. पण वजन अजून दहा दिवस नाहीच. मुलीचा पडदाही तपासला, तो चांगला आहे.

गिरणीच्या दारावर पाटी लावलीय, पाच किलोच्या वरचं दळण दोन पिशव्यांत आणा. शेजारचा पोरगा संध्याकाळी दोन तास यायला तयार झालाय. मी गल्ल्यावर बसते. सासूबाईंनी आज स्वतःच पाणी तापवून दिलं, डोकं धुवायला.