माँटगोमेरीचा बस बहिष्कार : 381 दिवस लोक कामावर जात कसे होते?

प्रश्न : अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात, बसमध्ये गोऱ्या प्रवाशाला जागा द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेला 1 डिसेंबर 1955 ला अटक झाली आणि 5 तारखेला कृष्णवर्णीयांचा बसवर बहिष्कार सुरू झाला. बसचे जवळपास तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते. एवढ्या लोकांची रोजची ने-आण कशी जमवली?

उत्तर 1 : आधी टॅक्सीने. कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात, 10 सेंटात, माणसं नेत होते. पण किमान भाडं 45 सेंट असल्याचा नियम पोलिसांनी पुढे केला आणि ती सोय बंद पडली. लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात 1953 साली असाच बहिष्कार झाला होता. तिथले नेते टी. जे. जेमिसन यांच्याकडून माँटगोमेरीच्या बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी खासगी गाड्यांची पद्धत समजून घेतली. सुमारे 300 गाड्या जमल्या, गाडी पकडायची ठिकाणं चाळीसच्या वर. विनापरवाना भाडं घेतलं की गुन्हा, म्हणून प्रवास फुकट आणि पेट्रोलचा खर्च देणग्यांतून. तरीही असंख्य लोक पायीच गेले, हे विसरू नका.

उत्तर 2 : यातली सगळ्यात नाजूक बाजू विम्याची. चर्चच्या नावावर घेतलेल्या स्टेशन वॅगनचे विमे एकामागून एक रद्द होऊ लागले, आणि विमा नाही तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळाला. पोलीस चालकांना क्षुल्लक कारणांवरून अडवत. ताशी 25 मैलांची मर्यादा असताना 30 च्या वेगाने गाडी चालवली म्हणून खुद्द किंग यांना जानेवारी 1956 मध्ये तुरुंगात नेलं.

प्रश्नकर्ता : मग जिंकलं कोण, बहिष्कार की कोर्ट?

उत्तर 3 : बसमध्ये वंशानुसार वेगळं बसवणारा कायदा कोर्टाने रद्द केला, पण बहिष्काराचं मोल त्यामुळे कमी होत नाही. सुरुवातीची मागणी अगदी साधी होती : गोऱ्यांनी पुढून आणि कृष्णवर्णीयांनी मागून बसत यावं, कुणाला उठवू नये. तेवढंही नाकारलं, तेव्हा वकील फ्रेड ग्रे यांनी 1 फेब्रुवारी 1956 ला ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ हा खटला केंद्रीय (फेडरल) कोर्टात भरला. त्यात पार्क्स नाहीत, कारण त्यांचं अपील राज्याच्या कोर्टात अडकलेलं होतं. क्लॉडेट कॉल्विनसह चार बायका वादी होत्या. कॉल्विनला तर पार्क्स यांच्या नऊ महिने आधीच अटक झाली होती. तिचं नाव अजूनही फार कमी घेतलं जातं, याचं वाईट वाटतं.

तो कायदा घटनाबाह्य ठरवणारा खालच्या केंद्रीय कोर्टाचा निकाल 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. त्याच दिवशी राज्याच्या कोर्टाने गाड्यांची व्यवस्था बंद पाडली. लेखी आदेश 20 डिसेंबरला पोहोचला. म्हणजे जिंकल्यावरही महिनाभर लोक ठरलेल्या गाड्यांशिवाय राहिले, आणि तरी बसमध्ये चढले नाहीत.